खमंग, खरपूस की करपट? स्टाउटच्या काळ्या चवीमागील भाजणीचे शास्त्र

राजूर (जि. जालना) : भाजलेल्या धान्याची चव सांगण्यासाठी मराठीत तीन वेगवेगळे शब्द आहेत. धान्य बदामी रंगावर आले की ते खमंग, त्याहून पुढे गेले की खरपूस आणि हात चुकला की करपट. थालीपिठाची भाजणी करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला या पायऱ्या ठाऊक असतात. साडेतीन गणेशपीठांपैकी एक मानल्या जाणाऱ्या राजूरच्या परिसरात थंडीच्या दिवसांत ज्वारीचा हुरडा भाजला जातो, तेव्हा आगटीभोवती बसलेल्यांनाही कणीस नेमके केव्हा बाहेर काढायचे याचा अंदाज असतो. युरोप-अमेरिकेत घरच्या घरी ‘स्टाउट’ ही काळी बिअर तयार करणारे हौशी लोक नेमक्या याच प्रश्नाशी झगडत असतात. स्टाउटला अधिक खरपूस चव आणायची, पण ती करपट होऊ द्यायची नाही, हे कसे साधावे?

हा प्रश्न वरवर पाहता राजूरपासून फार दूरचा वाटतो. प्रत्यक्षात तो धान्याचा, विस्तवाचा आणि पाण्याचा प्रश्न आहे आणि या तिन्ही गोष्टी मराठवाड्याच्या जिव्हाळ्याच्या आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत देशातील मोठे बिअर कारखाने आहेत. शिक्षण-नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी तरुणांपैकी काहींना घरगुती बिअरचा छंद जडतो आणि गावी परतल्यावर तोच प्रयोग येथे करावा, असा मोहही होतो. त्यामुळे या विषयाचे शास्त्र आणि कायदा या दोन्ही बाजू समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी कायदा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. त्यातील ‘बिअर’च्या व्याख्येत एल, पोर्टर आणि माल्टपासून केलेल्या इतर आंबवलेल्या पेयांबरोबर ‘स्टाउट’चाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम १२ अन्वये मद्यनिर्मितीस मनाई असून कलम ६५ मध्ये त्यासाठी कारावास व दंडाची तरतूद आहे. ‘विकण्यासाठी नव्हे, स्वतःपुरतीच केली’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही, कारण मनाई विक्रीपुरती नसून निर्मितीलाच आहे.

परदेशात स्थिती निराळी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द करण्यात आला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि १९७९ पासून संघराज्य पातळीवर घरगुती बिअरनिर्मिती करमुक्त व कायदेशीर झाली. या छंदावरची बहुतेक माहिती त्या देशांतील वाचकांसाठी लिहिलेली असते, हे येथील तरुणांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात या क्षेत्रात काम करण्याचा मार्ग परवानाधारक ब्रुअरीतूनच जातो. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलॅली’ या लहान ब्रुअरीने तो मार्ग खुला केला. योगायोग असा, की हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीच्या नावावरून इंग्रज शिपायांनी रूढ केलेला आहे.

काळा रंग आला कोठून?

स्टाउटचा जन्म अठराव्या शतकातील लंडनचा. तेथील हमाल आणि कष्टकरी वर्गात ‘पोर्टर’ नावाची तपकिरी बिअर लोकप्रिय होती. तिच्यातील जो प्रकार अधिक कडक, त्याला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. पुढे ‘पोर्टर’ गळून ‘स्टाउट’ एवढेच नाव उरले. डब्लिनमध्ये आर्थर गिनेस यांनी १७५९ साली सेंट जेम्सेस गेट येथील ब्रुअरी वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९००० वर्षांच्या कराराने घेतली आणि कालांतराने हे नाव स्टाउटशी कायमचे जोडले गेले. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेसाठीही पोर्टर जहाजांनी येत असे.

सुरुवातीची पोर्टर तपकिरी माल्टपासून होत असे. सातू म्हणजेच बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की तिचे माल्ट होते. मोड येताना दाण्यात अशी विकरे तयार होतात, जी पुढे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर ब्रुअरीत आले आणि एक गोष्ट उघड झाली. धुरावर वाळवलेल्या तपकिरी माल्टमधून फिक्या माल्टच्या तुलनेत बरीच कमी साखर मिळत होती. व्यापाऱ्यांनी हिशेब केला आणि ते फिक्या माल्टकडे वळले. साखर मिळाली, परंतु रंग आणि चव हरवली.

ही अडचण १८१७ साली डॅनियल व्हीलर यांनी सोडवली. कॉफी भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट त्यांनी घेतले. जवळजवळ काळ्या पडलेल्या या माल्टची थोडी मात्राही पिंपभर बिअरला रंग देऊ लागली. १८८० मध्ये ब्रिटनमधील माल्टवरील कर रद्द झाल्यावर मोड न आणता थेट भाजलेली सातू वापरण्याची मुभाही मिळाली. आजच्या कोरड्या आयरिश स्टाउटची कॉफीसारखी चव मुख्यतः या भाजलेल्या सातूतून येते.

कढईत नेमके काय घडते?

भाजण्यामुळे येणाऱ्या चवीचा उलगडा करण्याचे मोठे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांना जाते. १९१२ साली त्यांनी दाखवून दिले, की उष्णतेने साखर आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांची परस्परांशी क्रिया होऊन तपकिरी रंगाचे पदार्थ तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, तव्यावरचे शेंगदाणे, भाजलेला रवा या सर्वांचा खमंगपणा या क्रियेचा परिणाम होय.

फिके माल्ट साधारणतः ८० ते ८५ अंश सेल्सिअसवर वाळवतात. त्यात धान्याचा मूळ गोडवा टिकून राहतो. ‘चॉकलेट माल्ट’ आणि भाजलेली सातू यांसाठी तापमान २०० अंशांच्या वर, सुमारे २२० ते २३० अंशांपर्यंत नेले जाते. या टप्प्यावर मायार क्रियेबरोबर साखर जळून कॅरॅमल होणे आणि पुढे धान्याचे प्रत्यक्ष विघटन होणे, अशा क्रिया एकापाठोपाठ घडतात. पायराझीन गटातील संयुगे शेंगदाणे, कॉफी आणि कोको यांची आठवण करून देणारा गंध देतात. त्याही पुढे गेल्यास राख आणि कोळशाची चव येते.

खरपूस आणि करपट यांत केवळ काही मिनिटांचे, काही अंशांचे अंतर असते. कारखान्यांत ठरलेल्या क्षणी पिंपातील धान्यावर पाण्याचा फवारा मारतात. तसे न केल्यास आत साठलेल्या उष्णतेमुळे धान्य भाजतच राहते आणि पेटही घेऊ शकते. भाजलेला रवा गरम कढईत तसाच ठेवू नये, लगेच परातीत काढावा, हा घरोघरचा शिरस्ता याच कारणासाठी आहे.

कृतीत बदल कोणते करावेत?

ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे, तेथील एका नमुनेदार कृतीवरून हा भाग स्पष्ट होईल. वीस लिटर स्टाउटसाठी ४ किलो फिके माल्ट, ५०० ग्रॅम सातूचे पोहे, ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट आणि २५० ग्रॅम भाजलेली सातू असे प्रमाण घेतले, तर भाजलेल्या धान्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. बिअर काळसर दिसते, परंतु चव सौम्य आणि गोडसर असते. ‘रंग आहे, पण खरपूसपणा नाही’ ही तक्रार येथूनच सुरू होते.

पहिली दुरुस्ती प्रमाणाची. भाजलेल्या धान्याचा वाटा दहा टक्क्यांच्या जवळ नेल्यास कॉफीची चव स्पष्ट जाणवू लागते. वरील कृतीत भाजलेली सातू ४०० ग्रॅम करून १०० ग्रॅम चॉकलेट माल्ट घातल्यास हा पल्ला गाठता येतो. दोन्ही घटकांचा स्वभाव निराळा आहे. भाजलेली सातू कोरडी, कॉफीसारखी तीक्ष्ण चव देते, तर चॉकलेट माल्ट तिला कोकोची गोलाई देते. तिसरा घटक म्हणजे काळे माल्ट. ते रंगाने सर्वांत गडद असले, तरी त्याची चव धुरकट व तुरट असते. त्यामुळे इतक्या मापासाठी ५० ग्रॅमपेक्षा अधिक न घेणे इष्ट. केवळ रंग पाहून काळ्या माल्टचे प्रमाण वाढवत नेणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते.

दुसरी दुरुस्ती गोडव्याची. क्रिस्टल माल्टमधील काही साखर यीस्टला पचत नाही. ती बिअरमध्ये शिल्लक राहते आणि खरपूस चवीवर पांघरूण घालते. त्यामुळे क्रिस्टल माल्ट ३०० वरून १०० ग्रॅमवर आणल्यास भाजलेल्या धान्यात फारशी वाढ न करताही चव उठून दिसते. दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजवताना तापमान ६८ अंशांऐवजी ६५ अंशांच्या आसपास ठेवल्यासही अधिक साखर यीस्टच्या वाट्याला जाते आणि स्टाउट कोरडी होते. आमटीत गूळ कमी केला की गोडा मसाला वर येतो, तसाच हा प्रकार.

तिसरी दुरुस्ती धान्य भिजवण्याच्या पद्धतीची. भाजलेल्या धान्यातून चव लवकर उतरते, मात्र उष्णतेत दीर्घकाळ राहिल्यास टरफलांतील तुरटपणाही उतरतो. म्हणून काही जण हे धान्य शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच मिसळतात. काही जण ते वेगळे काढून रात्रभर थंड पाण्यात भिजवतात आणि गाळलेला काळा अर्क उकळीच्या अखेरीस घालतात. या पद्धतीने चव मऊ उतरते, पण अर्क कमी निघत असल्याने धान्य थोडे अधिक लागते. टरफल काढून भाजलेले माल्टही परदेशी बाजारात मिळते.

चौथी गोष्ट भाजणीच्या ताजेपणाची. घरी भाजलेले धान्य त्याच दिवशी वापरल्यास त्यात उग्र, धुरकट वास राहतो. ते एक-दोन आठवडे डब्यात मुरू दिले, की हा उग्रपणा बराच निवतो.

या सर्व दुरुस्त्या एकाच वेळी करू नयेत, असा जाणकारांचा आग्रह असतो. एका खेपेस एकच बदल करावा, त्याची वहीत नोंद ठेवावी आणि मगच पुढचे पाऊल उचलावे. अन्यथा चव सुधारली अथवा बिघडली, तरी ती कशामुळे हे कळायला मार्ग राहत नाही.

पाण्याची भूमिका

खरपूस चव बिघडण्याचे एक कारण अनेकदा धान्यात नसून पाण्यात असते. भाजलेले धान्य आम्लधर्मी असते. ते मिसळले, की मिश्रणाचा सामू खाली येतो. हा सामू ५.२ ते ५.६ या पट्ट्यात राहणे आवश्यक असून काळ्या बिअरसाठी त्याची वरची बाजू अनुकूल ठरते. सामू फार उतरला, तर कॉफीची चव आंबट आणि बोचरी होते. याउलट तो फार चढला, तर टरफलांतील तुरटपणा उतरू लागतो.

लंडनच्या पाण्यात बायकार्बोनेटचे प्रमाण अधिक आहे. भाजलेल्या धान्याचे आम्ल त्या पाण्याने परस्पर सावरले गेले आणि पोर्टर तेथे सहज जमली. मराठवाड्यातील काळ्या बेसाल्ट खडकातून येणारे विहिरी-बोअरचे पाणीही बहुधा जड आणि बायकार्बोनेटयुक्त असते. साबणाला फेस न येणारे, भांड्यांवर पांढरे थर धरणारे हे पाणी फिक्या बिअरला मारक, परंतु काळ्या बिअरला तुलनेने मानवणारे आहे. उलट घरोघरी जारमधून येणारे शुद्धीकरण केलेले पाणी इतके हलके असते, की त्यात काळ्या धान्याचे आम्ल सावरण्याची क्षमताच उरत नाही. अशा वेळी परदेशातील हौशी मंडळी चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळून सामू सुधारतात.

मात्र मराठवाड्यात पाण्याचा विषय चवीपाशी थांबत नाही. आधुनिक कारखान्यातही एक लिटर बिअरसाठी साधारणतः तीन ते पाच लिटर पाणी खर्ची पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळून निघाला होता. पुढे २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर व मद्य कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ज्वारीची स्टाउट होऊ शकते का?

सातू हे मराठवाड्याचे पीक नव्हे. देशात ती प्रामुख्याने राजस्थान, उत्तर प्रदेश व हरियाणात पिकते. येथील धान्य ज्वारीचे. ज्वारीपासून स्टाउट करण्याचा सर्वांत मोठा दाखला नायजेरियात सापडतो. तेथील सरकारने १९८८ मध्ये परदेशी सातू व माल्टच्या आयातीवर बंदी घातली. गिनेसची स्टाउट त्या देशात अतिशय लोकप्रिय होती. कंपनीला स्थानिक ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले आणि बंदी उठल्यानंतरही तेथील स्टाउटमध्ये या धान्यांना स्थान राहिले.

तांत्रिकदृष्ट्या ज्वारीचे गुणही आहेत आणि अडचणीही. ज्वारीचे पिष्ट सातूच्या तुलनेत अधिक तापमानाला शिजते आणि ज्या तापमानाला ते शिजते, तेथे साखर करणारी विकरे टिकत नाहीत. मोड आणलेल्या ज्वारीत या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर मुळातच कमी असते. त्यामुळे पिष्ट आधी शिजवून, नंतर बाहेरून विकरे घालावी लागतात. मळणी झालेल्या ज्वारीला टरफल नसते. त्यामुळे रस गाळणे जिकिरीचे होते, परंतु टरफल जळून येणारा तुरटपणाही टळतो. मालदांडीसारख्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिन अत्यल्प असल्याने भाजल्यावर ती चांगली खमंग होते, हे लाह्या खाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्याला यातून अधिक भाव मिळेल, असा युक्तिवाद वेळोवेळी केला जातो. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क तयार करण्याच्या प्रकल्पांना प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हाही हाच युक्तिवाद पुढे आला होता. ‘भाकरीचे धान्य दारूला का?’ या प्रश्नावरून त्या वेळी राज्यभर वादळ उठले. तो प्रश्न आजही गैरलागू झालेला नाही.

दोन गैरसमज

काळी बिअर अधिक कडक असते, हा पहिला गैरसमज. रंग भाजलेल्या धान्यातून येतो, मद्यांश साखरेतून. गिनेसच्या प्रचलित ड्राफ्ट स्टाउटमध्ये मद्यांश ४.२ टक्के आहे, तर भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या बिअरमध्ये तो आठ टक्क्यांपर्यंत असू शकतो. स्टाउट पौष्टिक असते, हा दुसरा. त्याची मुळे १९२० च्या दशकातील ब्रिटिश जाहिरातबाजीत आहेत. स्टाउटमधील लोह नगण्य असून रक्तवाढीसाठी ती घेण्यास कोणताही वैद्यकीय आधार नाही.

भाजणीची परीक्षा कायद्याच्या चौकटीत

ज्यांना या चवीचे केवळ शास्त्र अनुभवायचे आहे, त्यांना काहीही आंबवण्याची गरज नाही. जपान आणि कोरियात भाजलेल्या सातूचे पाणी चहासारखे घरोघर पितात. त्यात मद्यांश नसतो आणि कायद्याची आडकाठीही नाही. किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे जव घेऊन शंभर-शंभर ग्रॅमचे चार भाग करावेत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळत एक भाग बदामी, दुसरा तांबूस, तिसरा कॉफीच्या बीसारखा गडद आणि चौथा काळा होईपर्यंत भाजावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण शेवटच्या टप्प्यात धूर होतो. प्रत्येक भाग लगेच परातीत पसरून थंड करावा.

आठवडाभर डब्यात ठेवल्यानंतर प्रत्येकातील दहा ग्रॅम धान्य भरडून कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे मुरवावे आणि गाळून चाखावे. पहिल्या कपात बिस्किटाची, दुसऱ्यात शेंगदाण्याची, तिसऱ्यात कॉफीची चव लागेल आणि चौथ्यात राखेची. तिसऱ्या भागातील धान्य एकदा जारच्या पाण्यात आणि एकदा बोअरच्या, उकळून घेतलेल्या पाण्यात भिजवून पाहिल्यास पाण्याचा परिणामही कळून येईल. तिसऱ्या आणि चौथ्या कपातील अंतर जिभेला एकदा उमगले, की परवानाधारक ब्रुअरीत काम करू इच्छिणाऱ्या तरुणाच्या पदरी निम्मी विद्या पडली, असे म्हणायला हरकत नाही. उरलेली निम्मी मोजमापाची, स्वच्छतेची आणि परवान्याची.